मांजराचे कान घरी साफ करताना हात कुठवर न्यावा?

ओसरी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरी दोन मांजरे आहेत. थोरला बोका सात वर्षांचा, तब्येतीने धडधाकट आणि स्वभावाने जरा मानी आहे. धाकटी मांजरी पाच महिन्यांची असून दीड महिन्यापूर्वी ती आमच्याकडे आली. बोक्याच्या कानांकडे इतक्या वर्षांत मुद्दाम पाहण्याची वेळ कधी आली नव्हती. धाकटी आल्यानंतर मात्र पंधरवड्यातच लक्षात आले की ती झोपेतून मध्येच उठून मागच्या पायाने कान खाजवते, आणि कधी कधी इतक्या जोरात डोके झटकते की कानांची फडफड शेजारच्या खोलीत ऐकू येते.

मागच्या आठवड्यात तिला खिडकीपाशी उजेडात धरून कान उलटून पाहिले. आत गडद तपकिरी, जवळजवळ काळा मळ साचलेला होता. तो मेणासारखा चिकट नव्हता; कोरडा, भुरभुरीत, कॉफीच्या चोथ्यासारखा दिसत होता आणि दोन्ही कानांत सारखाच होता. मांजरांसाठी मिळणारे कान साफ करण्याचे द्रावण आणून त्यात कापूस भिजवला आणि दिसेल तेवढा मळ पुसून काढला. कान स्वच्छ दिसू लागले, मलाही बरे वाटले. पण तिसऱ्या दिवशी पाहते तो पुन्हा तेच.

पुसताना एक गोष्ट सतत जाणवत राहिली. बोट जिथे अडते, त्याच्या पलीकडे आत अजून मळ दिसतो आणि कापसाची काडी घेऊन तो बाहेर ओढावा असा मोह होतो. मी तसे केलेले नाही, पण का करू नये हेही मला नीट ठाऊक नाही. ओळखीच्यांपैकी एकाने कोमट तेलाचे दोन थेंब सोडायला सांगितले, तर दुसऱ्याने हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात मिसळून वापरावे असे सुचवले. दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवले आहेत.

आता मला हे विचारायचे आहे की घरच्या घरी कान साफ करताना हात नेमका कुठवर न्यावा, किती दिवसांनी साफ करावेत, आणि अंग आक्रसून घेणाऱ्या मांजराला न दुखवता धरावे तरी कसे? शिवाय बोक्याच्या कानांच्या पुढे, डोळ्यांच्या वरच्या बाजूस, केस अगदी विरळ झालेले दिसतात. त्यालाही काही लागण झाली असेल का?

चारपावली (प्रतिसाद)

ओसरी, काडीचा मोह आवरलात हे फार बरे झाले. गेली एकोणीस वर्षे माझ्या घरात कधी एक, कधी चार अशी मांजरे नांदत आली आहेत. त्या अनुभवावरून सांगते की आठवड्यातून एकदा करायचे काम कान पाहण्याचे असते, कान धुण्याचे नव्हे. निरोगी मांजराचा कान स्वतःची सफाई स्वतःच करतो: आतली कातडी हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत असते आणि मळ, मृत पेशी तिच्याबरोबर आपोआप वर येतात. माझ्या आताच्या मांजरीच्या कानात गेल्या दोन वर्षांत मी एकदाही द्रावण घातलेले नाही. आतली कातडी फिकट गुलाबी असेल, वास येत नसेल, कडेला थोडेसे पिवळसर मेण असेल, तर त्या कानाला हात लावू नये. वारंवार धुतल्याने आतला भाग ओलसर राहतो, कातडी हुळहुळी होते आणि जिथे काही नव्हते तिथे खाज सुरू होते.

धाकटीच्या मळाचे जे वर्णन तुम्ही केले आहे, ते वाचून मला माइटची, म्हणजे कानात राहणाऱ्या सूक्ष्म किडींची शंका येते. त्याबद्दल जाणकारांनी बोलावे. मी फक्त धरण्याबद्दल आणि पुसण्याबद्दल लिहिते, कारण बहुतेक जणांचे तिथेच बिनसते.

सर्वप्रथम द्रावणाची बाटली अर्धा तास खिशात ठेवा किंवा दोन्ही तळहातांत धरून बसा. मांजराच्या अंगाचे तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस असते. त्या कानात थंडगार द्रव पडला तर ते दचकणारच, आणि एकदा दचकलेले मांजर त्या बाटलीला वर्षभर विसरत नाही. मांजर खेळून, खाऊन पेंगुळलेले असेल अशी वेळ निवडा. जमिनीवर गुडघे टेकून बसा, टाचा किंचित फाकवा आणि मांजराला तुमच्याकडे पाठ करून दोन्ही मांड्यांच्या मध्ये घ्या. त्यामुळे त्याला मागे सरकता येत नाही आणि तुम्हालाही वरून दाबून धरावे लागत नाही. फारच वळवळत असेल तर टॉवेल अंगाभोवती असा लपेटा की चारही पंजे आत आणि डोके तेवढे बाहेर राहील. मानगूट पकडून लटकवू नका किंवा जमिनीवर दाबून धरू नका. त्याने मांजर शांत झाल्यासारखे दिसते, पण ते भीतीने गोठलेले असते आणि पुढच्या वेळी टॉवेल पाहताच पलंगाखाली जाऊन बसते.

आता कानाची पाळ मुळाशी, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, हलकेच धरून वर आणि किंचित मागे घ्या, म्हणजे कानाचे तोंड उघडते. बाटलीवर लिहिले असेल तेवढेच द्रावण सोडा आणि बाटलीचे टोक कानाला लागू देऊ नका. लागले तर आधी पुसून घेऊन मगच दुसऱ्या कानाकडे वळा. लगेच पाळ सोडून कानाच्या मुळाशी, जबडा जिथे सुरू होतो तिथे बोटे ठेवा. तिथे कातडीखाली नळीसारखा किंचित टणक भाग हाताला लागतो. तो वीस ते तीस सेकंद गोल गोल चोळलात की आतून पिचपिच असा ओला आवाज येऊ लागतो. हा आवाज आला म्हणजे द्रावण जिथे पोहोचायला हवे तिथे पोहोचले. अनेक मांजरांना हे चोळणे आवडते. माझी एक मांजरी तर थेंब पडताना फिस्कारायची आणि चोळताना घुरघुरायची.

मग हात सोडा, तोंड बाजूला फिरवा आणि मांजराला डोके झटकू द्या. आतला सुटलेला मळ कानाच्या तोंडाशी आणण्याचे काम ही झटकणीच करते, तुमचे बोट नव्हे. त्यानंतर तर्जनीभोवती गॉज किंवा कापूस गुंडाळून जेवढे दिसते तेवढे पुसा. तुमच्या 'कुठवर' या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे: गॉज गुंडाळलेले बोट जोर न लावता जिथे थांबते, तिथे काम संपते. प्रत्येक कानासाठी गॉज वेगळे घ्या आणि एका बैठकीत एकच कान झाला तरी हरकत मानू नका.

काही मांजरांना बाटली दाबल्यावर होणारा फुस्स आवाज सहन होत नाही, कारण तो त्यांना दुसऱ्या मांजराने फिस्कारल्यासारखा वाटत असावा. अशा वेळी कापसाचा मोठा बोळा द्रावणात चिंब भिजवून कानाच्या तोंडाशी धरा आणि बाहेरून हलके दाबा. द्रव आवाज न करता आत उतरतो. बोळा मोठाच घ्या, म्हणजे तो आत जाऊन अडकण्याची भीती उरत नाही.

बोक्याचा मामा (प्रतिसाद)

ओसरीताई, काडी का वापरू नये हे तुम्ही विचारले आहे, म्हणून स्वतःची चूक सांगतो. सहा वर्षांपूर्वी माझ्या बोक्याच्या डाव्या कानात मळ दिसला. मी कापसाची काडी घेतली आणि अगदी हलक्या हाताने फिरवू लागलो. काडी बाहेर काढली की ती काळी निघायची, त्यामुळे काम चांगले चालले आहे असा माझा समज झाला. प्रत्यक्षात काडीला लागून जेवढा मळ बाहेर येत होता, त्याच्यापेक्षा जास्त मी आत ठासत होतो. बंदुकीत दारू ठासावी तसे ते काम झाले. चार-पाच दिवसांनी बोका त्या बाजूला मान कलती ठेवू लागला आणि कानाजवळ हात नेला की ओरबाडू लागला. शेवटी त्याला भूल देऊन डॉक्टरांना आतला घट्ट गोळा धुऊन काढावा लागला. पडदा शाबूत राहिला, हे आमचे नशीब.

त्या दिवसांत त्याने कान इतके झटकले होते की पाळीच्या आत रक्त साकळून ती फुगीर उशीसारखी झाली होती. ती सूज उतरली, पण त्या कानाचे टोक आजही चुरगळलेल्या कागदासारखे दिसते. पाळ अचानक जाड, मऊ आणि गरम लागली तर घरी काही करत बसू नका, एवढे यावरून सांगावेसे वाटते.

निळी खिडकी (प्रतिसाद)

माझ्याकडे केस नसलेल्या स्फिंक्स जातीचे मांजर आहे, त्यामुळे 'कानाला हात लावू नये' हा सल्ला आमच्या बाबतीत लागू पडत नाही. या मांजरांच्या कानात केसांचा अडसर नसतो आणि कातडीचा तेलकटपणा कुठे शोषलाही जात नाही; आठवडाभरात कानात दाट तपकिरी मेण साचते आणि ते नियमाने पुसावे लागते. मुडपलेल्या कानांच्या मांजरांकडेही अधिक लक्ष ठेवावे लागते, असे माझ्या एका मैत्रिणीच्या मांजरावरून पाहिले आहे. मी द्रावणाऐवजी सलाइनमध्ये भिजवलेले गॉज वापरते. त्यात औषध नसल्यामुळे ते सर्वांत सुरक्षित, असे मी धरून चालले आहे. यात काही चूक असल्यास जाणकारांनी जरूर सांगावे.

नाडीपरीक्षा (प्रतिसाद)

मी पशुवैद्यकीय व्यवसायात आहे. प्रत्यक्ष न पाहता निदान करणे योग्य नाही. तरीही वरच्या काही मुद्द्यांमागची कारणे समजली तर पुढचे निर्णय घेणे सोपे जाईल, म्हणून सविस्तर लिहितो.

मांजराच्या कानाची नळी माणसाच्या कानासारखी जवळजवळ सरळ नसते. ती आधी उभी खाली उतरते आणि मग आतल्या बाजूला वळून आडवी होते; पडदा त्या आडव्या भागाच्या टोकाशी असतो. वरून तुम्हाला जे दिसते ते फक्त उभ्या नळीचे तोंड. बोट गुंडाळलेल्या गॉजसह त्या तोंडाशीच अडते, म्हणून चारपावली यांनी सांगितलेली मर्यादा योग्य आहे. काडी मात्र बोटापेक्षा बारीक असल्यामुळे पुढे जाते, मळ वळणापाशी नेऊन दाबते, आणि मांजराने नेमक्या त्याच क्षणी डोके हलवले तर नळीची नाजूक कातडी खरवडते किंवा पडद्याला इजा होते. कानाच्या बाहेरच्या कडेला पाळीची जी छोटी दुहेरी घडी असते, तिच्यातला मळ काढायला कोणी काडी वापरली तर माझा आक्षेप नाही. नळीच्या तोंडाच्या आत ती कधीही नेऊ नये.

आता धाकटीबद्दल. लहान वय, दोन्ही कान, कोरडा काळपट भुरभुरीत मळ आणि तीव्र खाज ही चारही लक्षणे एकत्र असली की सर्वप्रथम ओटोडेक्टिस सायनोटिस या माइटचा विचार करावा लागतो. ही किड कातडीत बिळे करत नाही. कातडीच्या पृष्ठभागावर राहून मृत पेशी आणि कातडीतून झिरपणारा द्रव यांवर जगते, आणि काळा मळ हा मेण, साकळलेले रक्त आणि तिची विष्ठा यांचे मिश्रण असते. घरी पाहायचेच असेल तर थोडासा मळ काळ्या कागदावर घेऊन उजेडात भिंगाखाली धरा. मोहरीच्या दाण्यापेक्षाही कितीतरी बारीक, पांढरे ठिपके सरकताना दिसले तर शंका बळावते. न दिसल्यास मात्र माइट नाहीत असे ठरवू नका. त्यासाठी सूक्ष्मदर्शकच लागतो.

तुमचे कान पुसणे तीन दिवसांत वाया का गेले, याचे उत्तर इथेच आहे. अंड्यापासून पूर्ण वाढलेल्या माइटपर्यंतचे चक्र साधारण तीन आठवड्यांचे असते. मळ पुसल्याने किडींची गर्दी कमी होते, पण अंडी आणि आत खोल असलेल्या किडी तशाच राहतात. शिवाय मांजर झोपताना अंगाचे वेटोळे करून शेपूट कानाशी नेते, त्यामुळे काही किडी अंगावरही जातात आणि फक्त कानात घातलेले औषध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून हल्ली बहुतेक वेळा मानेच्या मागे कातडीवर सोडण्याचे थेंब देतात. सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन असलेली औषधे या कामासाठी वापरली जातात. मात्रा मांजराच्या वजनावर ठरते, त्यामुळे वजन केल्याशिवाय औषध घेऊ नका. आणि हे कृपया ठळक अक्षरांत वाचा: कुत्र्यांसाठीच्या अनेक थेंबांत परमेथ्रिन असते, ते मांजराला विषारी ठरते, त्याने झटके येतात आणि जीवही जाऊ शकतो. कुत्र्याच्या औषधाचा 'थोडासाच भाग' मांजराला लावणे हा प्रकार आमच्याकडे अजूनही दर महिन्याला येतो.

माइट एका मांजरावरून दुसऱ्यावर आणि कुत्र्यावरही सहज जातात, म्हणून धाकटीला ते निघाले तर बोक्याला खाज असो वा नसो, उपचार दोघांनाही करावे लागतात. त्याच्या कानांपुढचे विरळ केस हा मात्र वेगळा विषय आहे. डोळा आणि कान यांच्या मधल्या पट्ट्यात मांजरांचे केस जात्याच विरळ असतात आणि आखूड केसांच्या, गडद रंगाच्या मांजरांत ते जास्त उठून दिसते. तिथली कातडी गुळगुळीत असेल, खपल्या, लाली किंवा ओरखडे नसतील, तर ती लागण नव्हे. तुम्ही आता कानांकडे पाहू लागलात म्हणून ते दिसले, एवढेच.

तुम्ही ज्यांना बाजूला ठेवले त्या दोन सल्ल्यांविषयी. पेरॉक्साइड कातडीला चुरचुरते, आत ओलावा सोडते आणि त्याच्या फसफसण्याच्या आवाजाने मांजर बिथरते. स्पिरिट आणि व्हिनेगर खाजवून सोललेल्या कातडीवर आग करतात. तेलाने वरचा मळ मऊ होतो हे खरे, परंतु ते नळीत साचून राहते, तपासताना पडदा दिसू देत नाही आणि मूळ कारण तसेच ठेवते. टी ट्री तेल तर कोणत्याही स्वरूपात मांजराजवळ नेऊ नका. ते मांजर चाटते आणि त्याची विषबाधा होते. निळी खिडकी, तुमच्या सलाइनविषयी एवढेच म्हणेन की दिसणारा भाग पुसायला ते ठीक आहे, पण मेण विरघळवण्याचा गुण त्यात नाही. त्यामुळे तुमच्या मांजरासारख्या मेणचट कानात ते फक्त वरवरचे काम करील, आणि ते कानात ओतून ठेवले तर आत निव्वळ ओल राहील. मांजरांसाठी तयार केलेले, मेण सोडवणारे द्रावण तुमच्यासाठी अधिक उपयोगी पडेल.

सुरक्षिततेचा खरा प्रश्न मात्र पडद्याचा आहे, आणि घरी बसून त्याची अवस्था कळण्याचा कोणताही मार्ग नाही. पडदा फाटलेला असताना कानात सोडलेले द्रावण थेट मध्यकर्णात उतरते. जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके आणि काही जंतुनाशके, विशेषतः तीव्र प्रमाणातले क्लोरहेक्सिडिन, तिथून आत पोहोचली तर ऐकू येणे कमी होऊ शकते किंवा तोल जाऊ शकतो. मांजराच्या मध्यकर्णातून डोळ्याकडे जाणारे चेतातंतूही फार उघडे असतात. ते दुखावले की त्याच बाजूच्या डोळ्याची बाहुली लहान होते, वरची पापणी खाली झुकते आणि आतल्या कोपऱ्यातला पांढुरका पडदा पुढे आलेला दिसतो. म्हणून मान एका बाजूला कललेली असणे, चालताना झोकांड्या जाणे, बुबुळे आपोआप इकडून तिकडे हलणे, कानातून रक्त किंवा पू येणे, उग्र वास, किंवा कानाला हात लावताच ओरडणे, यांपैकी काहीही दिसले तर कानात काहीही घालू नका. आधी तपासून घ्या. कान साफ केल्यानंतर यांतले काही नव्याने दिसले, तर त्याच दिवशी दाखवा.

एकाच कानात मळ येत असेल तर मी अधिक सावध होतो. तरुण मांजरात मध्यकर्णातून वाढणारा मांसल कोंब, म्हणजे पॉलिप, असा एकाच बाजूने त्रास देतो आणि कधी कधी श्वासाला घरघरही येते. तिथे कितीही सफाई केली तरी काही उपयोग होत नाही. जुनाट खाज असेल तर यीस्ट, जिवाणू आणि अन्नाची ॲलर्जी हेही पाहावे लागते, पण त्या वाटेने आज जात नाही.

शेवटची विनंती अशी की तपासणीला नेण्याआधी दोन-तीन दिवस कान पुसू नका. लोक लाजेपोटी कान लख्ख करून आणतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला आमच्या हाती काहीच उरत नाही.

ओसरी (प्रतिसाद)

सर्वांचे मनापासून आभार. नाडीपरीक्षा, तुमचे शेवटचे वाक्य वाचून हसू आले, कारण मी नेमके तेच करणार होते. धाकटीला स्वच्छ करून न्यायचे म्हणून बाटली खिशात ठेवून बसले होते. बाटली परत कपाटात ठेवली आहे. बोक्याच्या कानांपुढची कातडी भिंगातून पाहिली, ती अगदी गुळगुळीत आहे.

काळ्या कागदाचा प्रयोगही करून पाहिला. कानाच्या कडेशी आपोआप येऊन पडलेला चिमूटभर मळ कागदावर घेतला आणि दिव्याखाली धरला. पहिली दोन मिनिटे काहीच हलले नाही. कागद ठेवून द्यायच्या बेतात होते, तेवढ्यात एक पांढरा ठिपका मळाच्या एका कणावरून दुसऱ्या कणावर गेला. त्यानंतर मलाच कानात खाज आल्यासारखे वाटू लागले. हे माणसांना होते का, असा एक प्रश्न त्यामुळे विचारून ठेवते. दुसरा असा की उपचार सुरू झाल्यावर घरी कान साफ करत राहायचे की थांबायचे?

नाडीपरीक्षा (प्रतिसाद)

माणसाच्या अंगावर या किडी टिकून राहत नाहीत. क्वचित कोणाला हातावर काही दिवस खाजरे पुरळ येते आणि मांजर बरे झाले की तेही जाते. तुम्हाला आलेली खाज त्या ठिपक्याकडे पाहिल्याची आहे. ती आम्हालाही येते.

साफ करायचे की नाही हे पडदा पाहिल्यावर तुमचे डॉक्टर सांगतील. पडदा शाबूत असेल तर सुरुवातीला मळाचे थर काढलेले चांगले असतात, कारण त्याने खाज कमी होते आणि कानात घालायचे औषध दिले असल्यास ते कातडीपर्यंत पोहोचते. मात्र द्रावण आणि औषध एकामागोमाग घालू नका. आधी सफाई करावी, कान सुकू द्यावा आणि मग औषध घालावे. मध्ये किती वेळ सोडायचा हे औषधानुसार बदलते, तेव्हा ते विचारून घ्या. मानेवरचे थेंब मात्र चाटता येणार नाहीत अशा जागी, डोक्याच्या मागे केस दुभंगून थेट कातडीवर सोडा, आणि ते सुकेपर्यंत दोन्ही मांजरांना एकमेकांना चाटू देऊ नका.

बोक्याचा मामा (प्रतिसाद)

अंथरुणाचे कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. माइट मांजराच्या अंगाबाहेरही काही दिवस तग धरतात. ज्या चादरीवर दोघे झोपतात ती गरम पाण्यात धुऊन टाका, आणि केस विंचरायचा ब्रशही विसरू नका. आमच्याकडे ब्रश विसरला होता.

ओसरी (प्रतिसाद)

कळवायला पंधरा दिवस उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. धाकटीच्या दोन्ही कानांत माइट निघाले. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून मलाही दाखवले. आठ पायांचा तो पांढुरका जीव आणि त्याच्या शेजारी लांबट अंडी पाहिल्यावर कापसाने पुसून हे का जात नव्हते ते वेगळे समजावून सांगावे लागले नाही. दोन्ही पडदे शाबूत आहेत. बोक्याच्या कानात काहीच आढळले नाही, तरी वजन करून दोघांनाही मानेवर थेंब दिले आहेत आणि महिन्याने पुन्हा द्यायचे आहेत.

घरी धाकटीचे कान पहिल्या आठवड्यात दर तिसऱ्या दिवशी साफ केले. बाटलीच्या फुस्स आवाजाने ती उडालीच. त्यामुळे चिंब बोळ्याची पद्धत धरली आणि ती लागू पडली. मुळाशी चोळताना तो पिचपिच आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा काहीतरी बिघडले असे वाटून मी हात काढला होता, मग चारपावलींचे वर्णन आठवले. आता मळ फिकट झाला आहे, खाजवणे दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळेवर आले आहे आणि रात्रीची फडफड थांबली आहे.

बोका मात्र मानेवर थेंब टाकल्यापासून माझ्याकडे पाठ करून बसतो. त्याचे कान मी आता दर रविवारी लांबूनच, तो झोपलेला असताना पाहते.